झिल्फामावशीच्या वडिलांचा शोध

…पण गाय काही छपरावरून खाली यायला तयार होईना. फोटोवाला आपल्या तीन पायांच्या खोक्यामागे काळं फडकं डोक्यावर घेऊन उभा, इबेन टारबेल खालून ढेकळं मारतोय, आणि गाय वर निवांत चरतेय. चरणारच की! घर टेकडीत अर्धं खणलेलं, वर गवतासकट कापलेल्या ढेकळांचं छप्पर. गायीच्या दृष्टीने तो माळच होता, फक्त मधेच एक धुराडं उगवलेला. खाली घरात त्याच्या बायकोने, झिल्फाने, आढ्याला बांधलेल्या चादरीत माती टपटप पडत होती. शेवटी ती बाहेर आली, वर बघितलं आणि फोटोवाल्याला म्हणाली, "राहू द्या हो तिला. तिकडे ओहायोतल्या आपल्या लोकांना वाटेल, आमचा गोठा दुमजली आहे."

म्हणून गाय फोटोत आली.

नेब्रास्कात त्या काळी फोटो काढायचा म्हणजे घरात जे जे दाखवण्यासारखं असेल ते उचलून दारात मांडायचं. घर आतून दाखवण्यासारखं नसायचं, हे त्यामागचं खरं कारण. पण तसं कुणी बोलायचं नाही. ओढ्यापलीकडच्या एका बाईने तर पायपेटी शेतात आणून ठेवली होती आणि तिच्यावर कोंबड्या चढू नयेत म्हणून नवऱ्याला काठी घेऊन उभं केलं होतं. टारबेलांकडे पायपेटी कुठली? त्यांनी शिवणयंत्र आणलं, बंद पडलेलं घड्याळ आणलं, दोन कलिंगडं आणली, तीन पोरं धुऊन आणली. आणि सगळ्यांच्या मधोमध, पाठ असलेल्या एकुलत्या एक खुर्चीवर, इबेनने स्वतःच्या हाताने सासऱ्यांना बसवलं.

म्हणजे सासऱ्यांच्या चित्राला. रंगीत खडूंनी काढलेलं चित्र, जड लाकडी चौकट. अंगात काळा कोट, हातात जाडजूड पुस्तक, कोटाचं तिसरं बटण गायब. कोट, हात, पुस्तक सगळं कसं ठसठशीत होतं. चेहऱ्याचं मात्र जरा अवघड झालं होतं. चित्राला काच नव्हती, आणि दर शनिवारी धूळ झटकताना सासऱ्यांचा थोडा थोडा चेहरा फडक्याला लागून जायचा. आधी नाक गेलं, मग भुवया. फोटो निघाला तेव्हा हनुवटीची वाट लागायला सुरुवात झाली होती.

यानंतर तीस-एक वर्षं गेली. ढेकळांचं घर पावसापाण्याने बसलं, त्याच्या शेजारी लाकडी घर उभं राहिलं, इबेन टारबेल टेकडीवरच्या दफनभूमीत जाऊन निजला, आणि माळावरच्या लोन एल्म गावात झिल्फाची झिल्फामावशी झाली. सगळ्या गावाचीच मावशी. फोटो गेला धाकट्या लेकीच्या, लव्हिनाच्या भिंतीवर. आणि त्या वर्षी उन्हाळा संपता संपता लव्हिना भिंग घेऊन त्या फोटोसमोर उभी राहिली, तेव्हा खऱ्या गमतीला सुरुवात झाली.

लोन एल्ममध्ये दरवर्षी जुन्या वसाहतवाल्यांचा मेळा भरायचा. एल्मच्या झाडाखाली फळ्यांचं व्यासपीठ, त्यावर गव्हाच्या ओंब्यांनी आणि सूर्यफुलांनी सजवलेली खुर्ची. जी बाई माळावर पहिल्या पहिल्यांदा येऊन टिकली, मुलं वाढवली, तिला त्या खुर्चीत बसवायचं. ती मानाची आई. मग सगळा पंचक्रोशीतला माणूस रांग लावून तिचा हात हातात घ्यायचा. त्या वर्षी पाळी झिल्फामावशीची होती, यात कुणाला शंका नव्हती. पण मेळ्याची एक अट होती. मानाच्या आईच्या लेकराने व्यासपीठावरून तिच्या वडिलांचं नाव, गाव आणि धंदा सांगायचा. सांगता आला नाही तर खुर्ची दुसरीकडे. ही अट मिसेस ऑगस्टा क्रँडलनी घालून घेतली होती. कारण त्यांना आपल्या नऊ पिढ्या तोंडपाठ होत्या, आणि पाळीत त्यांचा नंबर झिल्फामावशीच्या लगेच मागे होता.

लव्हिनाला आठवत होतं तेव्हापासून आई मेळ्यात कधी बसलीच नव्हती. कोंबडी तळायला झिल्फामावशी, कॉफीचं भांडं सांभाळायला झिल्फामावशी, कुणाचं पोर ओढ्यात पडलं की ते पुसायला झिल्फामावशीचा झगा. आईला एकदा तरी बसलेली बघायचं, आणि ऑगस्टा क्रँडल रांगेत ताटकळत तिचा हात धरायला उभी आहे हे बघायचं, अशा लव्हिनाच्या दोन इच्छा होत्या. दुसरी पहिलीपेक्षा जरा मोठी होती. पण लव्हिना चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवायची, म्हणून लोकांना ती पहिलीच सांगायची.

"आई, आजोबांचं नाव काय गं?"

झिल्फामावशी पावाचं पीठ मळत होती. तिने ते उचलून फळीवर आपटलं. "आजोबा. तुम्ही सगळे आजोबाच म्हणायचात."

"तू काय म्हणायचीस?"

"मी कशाला नावाने हाक मारू? वडीलधारा माणूस."

"आणि गाव?"

"लव्हिना, चुलीत मक्याची दाणे काढलेली बुरकुंडं टाक. पाव बसेल माझा."

घरातल्या मोठ्या बायबलची पहिली पानं घराण्याची नावं लिहायला असतात. लव्हिनाने ती उघडली. डाव्या पानावर टारबेलांची खानेसुमारी होती, पार इंग्लंडातल्या कुठल्याशा लोहारापर्यंत. उजव्या पानावर, जिथे झिल्फाची माणसं यायची, तिथे झिल्फाच्याच अक्षरात काकवीचा केक कसा करायचा ते होतं. तोही नीट नव्हता, सोडा किती घालायचा ते लिहायचं राहिलं होतं.

पण लव्हिना डगमगली नाही. धंदा तिला ठाऊक होता. ती सात वर्षांची असताना तिला पाढे येईनात, तेव्हा आईने तिला त्या चित्रासमोर बसवलं होतं आणि सांगितलं होतं, हे तुझे आजोबा, ओहायोत शाळामास्तर होते. शाळेतल्या शेवटच्या पोराला पाढा आल्याशिवाय जेवायचे नाहीत. कोटाचं बटणही त्यांनी एका गरीब मुलाच्या सदऱ्याला तोडून दिलं. लव्हिना त्या आजोबांना उपाशी ठेवायला नको म्हणून रडत रडत पाढे शिकली आणि मोठी होऊन मास्तरीणच झाली. नाव तेवढं राहिलं होतं. ते भावांना माहीत असणार. तिने घोडागाडी जोडली आणि थोरल्या अ‍ॅन्सेलच्या शेतावर गेली.

"मास्तर? कोण मास्तर?" अ‍ॅन्सेल म्हणाला. "आजोबा कप्तान होते. ओहायो नदीवर वाफेची बोट चालवायचे."

"तुला कुणी सांगितलं?"

"आईने. आणखी कोण सांगणार, गायीने?"

"अरे, त्यांच्या हातात पुस्तक आहे!"

"बोटीची वही आहे ती. कप्तानाला सगळी नोंद ठेवावी लागते. तुला काय कळणार, तू कधी बोटीत बसलीयस?"

"तू बसलायस?"

"मी कप्तानाचा नातू आहे," अ‍ॅन्सेल म्हणाला. म्हणजे बसला नव्हता.

"आणि बटण?"

"वादळात गेलं."

हे त्याने असं सांगितलं, जसा काही तो स्वतः डेकवर उभा होता. अ‍ॅन्सेल लहानपणी गडगडाटाला इतका घाबरायचा की आभाळ वाजलं की खाटेखाली. आईने त्याला बाहेर काढून चित्रासमोर उभं केलं होतं. तुझे आजोबा वादळ सुरू झालं की गरम सूप मागवायचे, संपवायचे, चमचा पुसायचे, आणि मगच वर बघायचे, असं सांगितलं होतं. तेव्हापासून आभाळ गुरगुरलं की अ‍ॅन्सेल सूपाचा वाडगा घेऊन ओसरीवर बसायचा. आता चाळिशी उलटली तरी बसायचा. शेजारची माणसं आभाळ बघणं सोडून त्याच्या ओसरीकडे बघत. अ‍ॅन्सेलच्या हातात वाडगा दिसला की गवताची गंज झाकायची.

लव्हिना तिथून निघाली ती तडक मधल्या भावाकडे, जुडसनकडे. जुडसन गावात घोड्यांचे पट्टे, लगाम शिवायचा, आणि निवडून आलेला न्यायपंचही होता. दुकानातच कोर्ट भरायचं. आरोपीला खोगिरावर बसवायचे.

"अ‍ॅन्सेलला काय कळतंय," जुडसन हातातला टोचा बाजूला ठेवत म्हणाला. "आजोबा जज्ज होते. हातात कायद्याचं पुस्तक दिसत नाही का तुला?"

"जुडसन, तुला हे कधी सांगितलं आईने?"

जुडसनने जरा इकडे तिकडे बघितलं. "ते… मिलरांच्या शेतातली कलिंगडं गेली होती, तेव्हा. मी म्हणालो, मी नाही नेली. तर आई म्हणाली, तुझ्या आजोबांना खोटं बोलणारा लगेच कळायचा. खोटं बोललं की कान तांबडे होतात, हा त्यांनीच लावलेला शोध."

"मग?"

"मग काय मग! कान झाकून उभा राहिलो, तेव्हाच पकडला गेलो." त्याने बहिणीकडे निरखून बघितलं. "लव्हिना, तुझे कान तांबडे झालेत."

"रागाने झालेत!"

"प्रत्येक आरोपी हेच म्हणतो."

"आणि बटण कुठे गेलं, जज्जसाहेबांचं?"

"दरोडेखोराने झटापटीत तोडलं. भर कोर्टात."

लव्हिना घरी येताना घोड्याशी बोलत आली. मास्तर, कप्तान, जज्ज. एका माणसाने आयुष्यात तीन धंदे केले असतील? केलेही असतील, पण एका बटणाने तीन ठिकाणी जाणं जरा जास्तच होतं. मेळा शनिवारी, आणि नाव अजून कुणाच्याच तोंडी नाही. भावांनी तर शेवटी निक्षून सांगितलं होतं. अ‍ॅन्सेल म्हणाला, व्यासपीठावरून मास्तर म्हणालीस तर मी खालून उठून उभा राहीन. जुडसन म्हणाला, मी उभाच असेन.

अशात गुरुवारी मिसेस क्रँडलनी मेळ्याच्या बायकांना चहाला बोलावलं. लव्हिना गेली. बैठकीच्या खोलीत मखमलीची खुर्ची, मेणाची फळं, आणि भिंतीवर सोनेरी चौकटीत, काचेच्या आत, एक म्हातारा.

"हे माझे वडील, चर्चचे डीकन, जेडेडाया," मिसेस क्रँडल म्हणाल्या. "आमच्या घराण्याची हनुवटी बघा. दुरूनसुद्धा ओळखू येते."

लव्हिनाने हनुवटी बघितली नाही. तिची नजर हनुवटीच्या खाली अडकली. काळा कोट. हातात जाड पुस्तक. तोच अंगठा, जरा बाहेर वळलेला. आणि तिसरं बटण गायब.

तिने कप खाली ठेवला. "मिसेस क्रँडल, यांचं… यांचं बटण?"

"दानधर्मात गेलं," मिसेस क्रँडल म्हणाल्या. "अगदी मनाने देणारा माणूस."

आता तुम्ही आम्ही असतो तर म्हणालो असतो, चित्रकार एकच असेल. पण लव्हिना माळावर वाढलेली. तिथे कोट माणसापेक्षा जास्त दिवस जगायचा. थोरल्याचा कोट मधल्याला, मधल्याचा धाकट्याला, धाकट्याचा झिजला की गोधडीत. एकाच कोटात दोन माणसं दिसली तर त्याचा एकच अर्थ: भाऊ. सख्खे! लव्हिना चहा तसाच ठेवून उठली. रस्त्याने तिला आनंद झाला, मग धसका बसला, मग पुन्हा आनंद झाला. आनंद अशासाठी, की नाव सापडायला आलं होतं, आणि खुद्द ऑगस्टा क्रँडललाच साक्षीला उभं राहावं लागणार होतं. धसका अशासाठी, की मग नाताळला तिला जेवायला बोलवावं लागणार.

झिल्फामावशी मागच्या पायरीवर बसून कोंबडी सोलत होती.

"आई, सापडलं! तू ऑगस्टा क्रँडलची चुलत बहीण आहेस!"

झिल्फामावशीचे हात थांबले. पिसं हवेत तरंगत राहिली. "काय म्हणालीस?"

लव्हिनाने सगळं सांगितलं. कोट, अंगठा, पुस्तक, बटण. "त्यांचे वडील नि तुझे वडील सख्खे भाऊ असणार. कोट एकच आहे, आई! मी डोळ्यांनी बघितला."

झिल्फामावशीने कोंबडी परातीत ठेवली, हात पुसले आणि आभाळाकडे बघितलं. "मी आजवर पुष्कळ सोसलं," ती म्हणाली. "टोळांनी शेत खाल्लं, अंगावरची शालसुद्धा खाल्ली. बर्फात गाय गेली. पण ऑगस्टाची बहीण मी होणार नाही. त्यापेक्षा मी बिनबापाची बरी. बस इथे."

लव्हिना पायरीवर बसली.

"तो माणूस कोण आहे ते मला माहीत नाही."

"कुठला माणूस?"

"चित्रातला. तुमचे आजोबा. मी त्यांना दोन कोंबड्या देऊन आणलं."

लव्हिनाने परातीतल्या कोंबडीकडे बघितलं. झिल्फामावशी पुढे सांगू लागली.

"आपल्या जुन्या घराला खिडकी होती, आठवते? तिला तेलाचा कागद लावलेला होता. हिवाळाभर घरात असा पिवळा अंधार असायचा, की पीठ आणि राख एकसारखी दिसायची. मी तुझ्या बापाला म्हणायची, मला काच हवी. तो म्हणायचा, काच म्हणजे चैन, बाहेर बघण्यासारखं आहे काय? आणि खरंच नव्हतं, पण मला बघायचं होतं. मग ओढ्यावरचे एक लोक कंटाळून पूर्वेला परत निघाले, सामान विकायला काढलं. त्यात हे चित्र. चांगली हातभर काच! त्या बाईलाही माहीत नव्हतं ते कुणाचं. तिच्याकडे कुणाच्या तरी सामानातून आलं होतं. मी दोन अंडी घालणाऱ्या कोंबड्या दिल्या आणि घेऊन आले. वाटेत इबेन भेटला. म्हणाला, कोंबड्या कुठायत? आणि हा कोण?"

"मग?"

"मग काय सांगणार? काच म्हणाले असते तर परत पाठवलं असतं. मी म्हणाले, माझे वडील." झिल्फामावशीच्या तोंडावर एवढ्या वर्षांनीही चोरटं हसू आलं. "बिचाऱ्याने लगेच टोपी काढली."

"आणि काच?"

"दुसऱ्या दिवशी खिडकीत बसवली. तो म्हणाला, अगं, वडिलांची काच काढलीस? मी म्हणाले, त्यांचा जीव गुदमरत होता."

लव्हिनाला हसावं की रडावं कळेना. शेवटी तिने दोन्ही करून टाकलं. नाक पुसत म्हणाली, "पण मास्तर, कप्तान, जज्ज?"

"तुम्ही एकेक जण असं तोंड करून यायचात," झिल्फामावशी म्हणाली. "तो अ‍ॅन्सेल थरथर कापायचा. मी किती वेळ सांगणार, घाबरू नकोस म्हणून? आईचं कोण ऐकतो? म्हटलं भिंतीवर माणूस रिकामाच बसलाय, त्याला कामाला लावू. चांगला माणूस होता गं. कधी मधे बोलला नाही. चेहरा पुसट झाला तेही बरंच झालं, तिघांनाही पुरला."

"आणि क्रँडलांचा कोट?"

"हं, ते होय!" झिल्फामावशीने पुन्हा कोंबडी हातात घेतली. "ओहायोत असे चित्रवाले फिरायचे. हिवाळ्यात घरी बसून नुसती धडं काढून ठेवायची, कोट, हात, पुस्तक सगळं तयार. उन्हाळ्यात गावोगाव फिरून ज्याचे पैसे येतील त्याचं डोकं वर बसवायचं. एक जण मी राहायची त्या घरी उतरला होता. बिनडोक्याची इतकी माणसं भिंतीला टेकवून ठेवली होती, की मी दोन रात्री गोठ्यात झोपले."

लव्हिनाचे डोळे चमकले. "म्हणजे डीकन जेडेडायांचं धडसुद्धा…"

"ऑगस्टाला सांगू नकोस," झिल्फामावशी लगेच म्हणाली. "तिच्याकडे दुसरं काय आहे?"

दोघी पिसं उपटू लागल्या. मग लव्हिनाने हळूच विचारलं, "मग खरे कोण, आई?"

"खरंच माहीत नाही. मला आठवतं तेव्हापासून मी प्रॅट नावाच्या लोकांच्या घरी ताटल्या धुतेय. पोरकी पोरं अशी शेतावर कामाला द्यायचे. वाईट नव्हते ते. आडनाव त्यांचंच वापरलं, लग्न झालं तेव्हा परत केलं."

"तू आम्हाला तीन आजोबा दिलेस. तुला स्वतःला नाही का वाटलं, एखादे वडील आपल्यालाही असावेत? कुठले हवे होते तुला?"

झिल्फामावशीने जरा विचार केला. अगदी मनापासून केला.

"मला काच हवी होती," ती म्हणाली.

मग तिने कोंबडी उलटी केली. "पण लव्हिना, खुर्चीत बसायला मला आवडेल हं. खोटं कशाला बोलू? दरवर्षी लांबून बघते मी ती. आणि हे बघ, अ‍ॅन्सेलला यातलं काही बोलू नकोस. महिना वादळांचा आहे."

झालं! लव्हिना अशी कात्रीत सापडली. खरं सांगावं तर आईची खुर्ची जाणार, खोटं सांगावं तर रविवारच्या शाळेत कुठल्या तोंडाने शिकवायचं? शुक्रवारभर ती घरात येरझाऱ्या घालत होती. नवऱ्याने सुचवलं, प्रॅट म्हण, शेतकरी म्हण, कोण बघायला जातंय ओहायोला? लव्हिना म्हणाली, मिसेस क्रँडल जाईल.

शनिवारी एल्मखाली सगळा माळ लोटला. गाड्या, घोडी, टोपल्या, तळलेल्या कोंबडीचा वास. झिल्फामावशी नवी टोपी घालून आली होती, तरी आल्या आल्या तिच्या हातात कुणीतरी कॉफीचं भांडं दिलंच. व्यासपीठावर मेळ्याचे अध्यक्ष लेथ्रोप. लेथ्रोपचं वय आता पन्नाशीला टेकलं होतं, पण पहिल्या हिवाळ्यात त्याला गोवर निघाला होता तेव्हा याच मावशीने त्याला कांद्याचे पोटीस बांधले होते, त्यामुळे तो तिच्यासमोर जरा दबूनच असायचा.

"मानाची आई, झिल्फा टारबेल!" लेथ्रोपने पुकारा केला. "त्यांची कन्या आता त्यांच्या वडिलांचं नाव, गाव आणि धंदा सांगेल."

लव्हिना वर चढली. समोर पहिल्याच बाकावर मिसेस क्रँडल, हनुवटी वर करून. लव्हिनाने तोंड उघडलं. "माझ्या आईचे वडील…" आणि तिथेच थांबली. शाळेत एखाद्या पोराला पाठ येत नसलं की ते जसं छताकडे बघतं, तशी ती एल्मच्या फांद्यांकडे बघायला लागली.

अ‍ॅन्सेलला वाटलं, बहीण विसरली. मदत करावी म्हणून तो मागून ओरडला, "कप्तान!"

"कप्तान कसला? जज्ज!" जुडसन दुसऱ्या टोकाकडून गरजला.

"बोटीचे कप्तान होते ते! आख्ख्या ओहायो नदीला विचार!"

"नदीला काय विचारतोस, नदी साक्ष देत नाही! अ‍ॅन्सेल, तुझे कान बघ!"

"माझ्या आजोबांना खोटं म्हणतोस?"

"तुझे आजोबा कुठले? माझे आहेत ते!"

"अरे गप्प बसा दोघं!" लव्हिना वरून ओरडली, आणि इतक्या वर्षांची सवय जीभ सोडेना म्हणून पुढे म्हणून गेली, "शाळामास्तर होते ते!"

झालं! माळावर एकच हलकल्लोळ. अ‍ॅन्सेलचे शेजारी म्हणे, कप्तानच असणार, आम्ही त्याच्या सूपावर गवत झाकतो. जुडसनने ज्यांना दंड केला होता ते म्हणे, जज्ज असेल तर आमचे दंड परत करा. अ‍ॅन्सेल बाक ओलांडून जुडसनकडे निघाला, जुडसनने बाह्या वर केल्या, लव्हिना फळ्यांवरून उडी मारून दोघांच्या मधे शिरली आणि दोघांच्या दंडाला एकेक चिमटा काढला. मिसेस क्रँडल उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज बारीक, पण चाकूसारखा.

"अध्यक्षमहाशय! ज्या बाईला तीन वडील आहेत, तिला एकही नाही. अट म्हणजे अट. खुर्ची पुढच्या नंबराला द्यावी."

अध्यक्ष लेथ्रोप घाम पुसत खुर्चीकडे वळला, आणि वळला तो तसाच उभा राहिला. खुर्ची रिकामी नव्हती. या सगळ्या गोंधळात झिल्फामावशीने कॉफीचं भांडं खाली ठेवलं होतं, मागच्या पायऱ्यांनी सावकाश वर चढली होती, आणि सूर्यफुलं जरा बाजूला सारून, झगा नीट करून, खुर्चीत बसली होती. पाठ टेकवून, अगदी आरामात. दोन्ही हात मांडीवर. खाली तिची पोरं अजून एकमेकांच्या अंगावर धावून जात होती.

"मावशी," लेथ्रोप खाली वाकून हळूच म्हणाला, "अहो, अजून ठरलं नाही. अट आहे ना. तुम्ही कुणाच्या लेक म्हणून बसलात, ते तरी सांगा. मला खाली काहीतरी सांगावं लागेल."

झिल्फामावशीने मान वर केली आणि मैदानातल्या शेवटच्या गाडीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"कुणाची लेक, ते मला माहीत नाही रे लेथ्रोप. कुणाची आई, ते मात्र सगळ्या माळाला ऐकू येतंय. आता त्या ऑगस्टाला सांग, रांग तिकडून लागते."